प्लेट कशी आली?

चित्रकाराला विचारा, सध्या काय चाललंय, तर तो एखाद्या मालिकेबद्दल बोलेल, विषयाबद्दल बोलेल, जमलंच तर येऊ घातलेल्या प्रदर्शनाबद्दल. हाच प्रश्न छापचित्रं करणाऱ्याला, म्हणजे पत्र्यावर, लाकडावर किंवा दगडावर चित्र घडवून त्यावरून शाईने कागदावर प्रती काढणाऱ्याला, विचारून बघा. "अ‍ॅसिड मेलंय हो, रेघ खोल जातच नाही." "कागद आला एकदाचा, पण या खेपेचा जरा पिवळा आहे." "रुळाखालची ब्लँकेटं धुवायला काढलीत, वाळेपर्यंत प्रेस बंद." यात कला कुठे आहे, असं बाहेरच्या माणसाला वाटणारच. आमच्याकडे बातम्या मात्र याच असतात, आणि त्या ऐकायला आम्ही जिवाचे कान करतो.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात माहेर. फाइन आर्ट्सला ग्राफिक्स, म्हणजे छापचित्रकला, शिकले, आता सकाळी शाळेत चित्रकला शिकवते आणि दुपारनंतर वर्कशॉपवर असते. वर्कशॉप आम्ही काही जणांनी मिळून भाड्याने घेतलंय. एक एचिंग प्रेस, म्हणजे अ‍ॅसिडने खोदलेल्या पत्र्यावरून (आमच्या भाषेत प्लेटवरून) छापायची, एक लिथोची, म्हणजे दगडावरून छापायची, लाकूड आणि लिनो (लिनोलियम) कोरायला एक लांब टेबल, मागच्या अंगाला अ‍ॅसिडची खोली. मराठीत सुरू झालेलं वाक्य इथे बिनदिक्कत गुजरातीत संपतं. कॉलेजातून कालपरवा बाहेर पडलेली पोरं आहेत, निवृत्त झालेले आहेत, आणि ज्यांना आम्ही सगळे नुसतं काका म्हणतो ते प्रेसचे जुने जाणकार आहेत.

तेलरंगवाल्याला दार लावून घेता येतं. आम्हाला ती चैन नाही. एचिंग प्रेस म्हणजे दोन भक्कम पोलादी रूळ, मधून सरकणारा सपाट पाट आणि बाजूला हाताने फिरवायचं मोठं चाक. ही वस्तू तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चढवायची म्हटलं तर आधी सोसायटीचे सेक्रेटरी भेटायला येतील. म्हणून ती सामाईक. शिवाय काम असं, की एका माणसाने होतं पण धड होत नाही. शाई लावणाऱ्याचे हात कोपरापर्यंत काळे असतात आणि कागदाला तर बोटाचा ठसाही लागता कामा नये. त्यामुळे प्रेसजवळ एक स्वच्छ हातांचा माणूस लागतो. तो टिपकागदांतून ओला कागद उचलणार, प्लेटवर बेताने सोडणार, चाक फिरलं की कोपऱ्यापासून सोलल्यासारखा वर घेणार. आज मी तुझे स्वच्छ हात, उद्या तू माझे. आमच्याकडे मैत्र्या अशा जुळल्यात. भांडणंही अशीच झालीत.

आता एकमेकांच्या कामात इतके हात अडकलेले असल्यावर गप्पा व्हायच्याच. एकाच प्लेटवरून पंधरा सारख्या प्रतींची एडिशन काढायची म्हणजे तेच ते पंधरा वेळा: शाई लाव, पूस, कागद ठेव, चाक फिरव, सोल, वाळत घाल. पहिल्या दोन-तीन प्रतींपर्यंत उत्साह असतो. मग बोलणं मुलीच्या ॲडमिशनवर जातं, गॅस सिलिंडरवर जातं, रावपुऱ्यात कुणाच्या वाड्याच्या जागी काय उभं राहतंय त्यावर जातं. एडिशन काढताना कलेवर बोलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. कुणी सेव-उसळ मागवली की आधी घासलेटने, मग साबणाने हात धुण्याचा सोहळा, आणि तरी पावाला किंचित टर्पेंटाइनचा वास येतोच.

पण या बाष्कळ गप्पांच्या अधेमधे, विशेष काही सांगतोय असा आव न आणता, खरी विद्या इकडून तिकडे जात असते.

प्लेट पुसणंच घ्या. जस्ताच्या पत्र्यावर अ‍ॅसिडने खोदलेल्या रेघांत शाई दाबून भरायची आणि वरची सगळी पुसून काढायची, रेघांतली मात्र राहू द्यायची. एका वाक्यात बसतं. प्रत्यक्षात मलमलीची घडी आधी भरभर, मग हलक्या हाताने गोल गोल फिरवायची. कापड जोरात ओढलं तर रेघेतली शाईही निघून येते. शेवटी तळहाताला खडूची पूड चोळून नुसत्या हाताने पुसायचं. तळहाताचा कडेचा भाग, करंगळीखालचा, तोच वापरायचा. प्लेट उजेडाकडे तिरपी धरली की पत्र्यावर जो पुसट तेलकट पडदा दिसतो, तो किती ठेवायचा यावर चित्रातली संध्याकाळ आहे की दुपार हे ठरतं. हे पुस्तकात वाचून येत नाही. परवा मी एक प्रूफ, म्हणजे चाचणीची प्रत, काढलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि म्हणाले, "अगं, फार पुसलंस. खालच्या कोपऱ्यात हात लावूच नकोस, तिथे अंधार राहू दे." मी म्हटलं, "काका, तिथे जमीन आहे." "मग जमिनीवर अंधार राहू दे." पुढचं प्रूफ त्यांच्या म्हणण्याप्रमाणे काढलं. जमीन पहिल्यांदा जमिनीसारखी दिसली, आणि काका तोवर चहा घ्यायला निघूनही गेले होते.

शाईचा घट्टपणा कानाने ओळखायचा असतो. रोलर काचेवर फिरवताना मोहरी तडतडून मंदावताना येतो तसा बारीक आवाज आला की शाईचा थर बरोबर. चिकट फटफटाट आला तर शाई जास्त झाली. कागदाची ओल गालाला लावून बघतात. गार लागला पाहिजे, ओला नाही. असले धडे देताना कुणी 'आता शिकवतो' असं म्हणत नाही. जाता जाता कुणीतरी बोलून जातं आणि तुम्ही तेव्हा तिथे असावं लागतं.

आणि बडोद्याची हवा! दिल्ली-मुंबईची पाहुणी मंडळी जानेवारीत येतात आणि आम्हाला भाग्यवान म्हणतात. मे महिन्यात या म्हणावं. पारा बेचाळीसच्या वर गेला की शाई पातळ होऊन रेघांच्या बाहेर पसरायला लागते, मग तिच्यात मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड मिसळून तिला ताळ्यावर आणायचं. ओला केलेला कागद प्रेसपर्यंत नेईतो कडांनी सुकतो. अ‍ॅसिड तापून भराभर खातं. डिसेंबरात जेवढा वेळ प्लेट बुडवून ठेवायचो तेवढा ठेवला तर रेघांच्या जागी खंदक होतात. पावसाळ्यात उलटा तमाशा. प्रती वाळता वाळत नाहीत, आणि गठ्ठ्यात एखादी दमट राहिली तर बुरशीचे ठिपके पुढच्या-मागच्या सगळ्यांना. नवरात्रात हवा छान असते, पण माणसं नसतात. नऊ रात्री गरबा खेळून आलेली पोरं दुपारी चाकाला लोंबकळतात, आणि ज्या चाकाने एकसारख्या गतीने फिरायला हवं ते तीन ताळीवर फिरतं. तेव्हा एडिशन काढायचीच नाही, प्लेटा घासून ठेवायच्या, असा आमचा आता अलिखित नियम आहे.

"कसं काय जमवता तुम्ही?" ही विचारपूस आमच्या धंद्यात फार जुनी आहे, आणि मराठी माणसाचा तिच्याशी संबंधही जुना. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्याकडे एक तांबट तांब्यावरचं खोदकाम शिकला. नाना फडणविसांच्या मनात त्याच्याकडून भगवद्गीता खोदवून छापून घ्यायची होती. 1800 मध्ये नाना गेले, काम राहिलं. पण कारागीर मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि 1805 मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापून झाली. देवनागरी अक्षरं, तीही आरशातल्यासारखी उलटी, तांब्यात कोरायची! काना, मात्रा, वेलांटी सगळं उलट दिशेला. माझ्या प्लेटवर सहीपुरती चार अक्षरं उलटी काढताना माझी त्रेधा उडते, तेव्हा मला तो तांबट आठवतो. त्याला हे हत्यार कसं धरायचं ते कुणीतरी शेजारी बसून दाखवलं असणार, आणि मिरजेत त्यानेही कुणाला तरी.

बडोद्यात याला धुमारे फुटले ते सयाजीराव महाराजांच्या काळात. रविवर्म्याने बडोद्याच्या दरबारासाठी पौराणिक चित्रं रंगवली हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात असं त्याला सुचवणारे सर टी. माधवराव मात्र कमी जणांना ठाऊक असतात. हे तंजावरकडचे मराठी, एके काळी बडोद्याचे दिवाण. रविवर्म्याचा शिळाप्रेस 1894 मध्ये मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला, आणि त्यानंतर आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी कमळात कशी उभी राहते हे कायमचं ठरून गेलं. ते दगड बव्हेरियाचे, झोल्नहोफेनच्या खाणीतले. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर झेनेफेल्डर या जर्मन माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस लिथोची ही सगळी विद्या उभी केली.

आमच्याकडच्या लिथोच्या दगडांतले काही कुठल्या तरी बंद पडलेल्या छापखान्यातून आलेत. दगडावरचं जुनं चित्र घालवायला दोन दगड एकमेकांवर, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून, आठच्या आकड्यात फिरवत घासतात. हात भरून येतात. अशाच एका दगडावर घासता घासता केसांच्या तेलाचं लेबल दिसायला लागलं: अंबाडा घातलेली बाई, भोवती महिरप, उलटी गुजराती अक्षरं. घासणारी पोर थांबली. तिने सगळ्यांना हाका मारल्या. कुणी म्हणे ठेवूया, कुणी म्हणे दगड काय शोकेसमध्ये ठेवायला आणलाय? शेवटी त्याची एक बरी प्रत काढली आणि मग घासला. ती बातमी आम्ही पुढे कितीतरी दिवस सांगत होतो. त्यापुढे त्या पोरीच्या स्वतःच्या चित्राची बातमी मागे पडली, याबद्दल ती अजून रागावलेली आहे.

सयाजीरावांनीच काढलेल्या कलाभवनात 1890 च्या सुमारास एक मराठी तरुण मुंबईच्या जे.जे.तून आला होता: धुंडिराज गोविंद फाळके. सिनेमाकडे वळण्याआधी हा माणूस फोटो, ब्लॉक, लिथो यांच्या मागे लागलेला होता. तीन रंगांचे ब्लॉक शिकायला रतलामला गेला. मला दादासाहेबांचं हे रूप फार आवडतं. जिथे कुणाला काही येतं असं कळेल तिथे जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं. पुढे 1950 मध्ये विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली, इंदूरचे ना. श्री. बेंद्रे चित्रकला विभागाचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी भावनगरचे ज्योती भट्ट साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये एचिंग शिकून आले. येताना त्यांनी आणलेलं सामान म्हणजे मुख्यतः हातातली रीत. ती इथे पिढ्यान्‌पिढ्या पाझरली. तिकडे पॅरिसमध्ये हेटर या छापचित्रकाराच्या आतेलिए 17 या वर्कशॉपमध्ये आपले कृष्णा रेड्डी एकाच प्लेटवर अनेक रंग एका दमात छापायची रीत काढण्यात होते. एक शाई दाट, एक पातळ. एक रोलर कडक, एक मऊ. मऊ रोलर खड्ड्यात उतरतो, कडक वरवर जातो, आणि दाट-पातळ शाया एकमेकींना नाकारतात. हेही इथपर्यंत कुणी पाहून आला, त्याने दुसऱ्याला दाखवलं, असंच पोचलं. 1999 मध्ये गुलाममोहम्मद शेख, कविता शाह आणि विजय बागोडी यांनी बडोद्यात 'छाप' ही कार्यशाळा सुरू केली ती याच गरजेतून, असं मला वाटतं. कॉलेज संपलं की प्रेस सुटते, आणि प्रेस सुटली की बहुतेकांचं छापणंच सुटतं. माझ्या वर्गातल्या किती जणांचं सुटलं ते मी बघितलंय. त्यांच्यात माझ्याहून चांगला हात असलेले होते.

सुटलं नाही त्यांच्या तऱ्हा ऐकण्यासारख्या आहेत. पुण्याची मैत्रीण जेवणाच्या टेबलावर लिनो कोरते आणि स्टीलच्या डावाच्या पाठीने कागद घासून प्रती काढते. आठ वाजता टेबल रिकामं करून द्यावं लागतं, म्हणून तिची चित्रं लहान आहेत. एका नावाजलेल्या जाणकाराने तिच्या चित्रांच्या लहानपणावर 'अंतर्मुखता' म्हणून बरंच लिहिलं होतं. ती फोनवर खो खो हसत होती. "अगं, अंतर्मुख कसली, आठला पोळ्या लाटायच्या असतात!"

नाशिकच्या मित्राची बातमी त्याहून कामाची निघाली. नायट्रिक अ‍ॅसिडच्या वाफांनी त्याला खोकला धरला, डॉक्टरांनी बंदच करायला सांगितलं. त्याने मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि साधं मीठ पाण्यात कालवून जस्ताची प्लेट खोदायला सुरुवात केली. मोरचूद त्याच्याकडे द्राक्षवाल्यांमुळे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. दुकानदाराने विचारलं, बाग किती एकर? हा म्हणाला, आठ इंच बाय दहा इंच. आम्ही इथे करून बघितलं. नायट्रिकमध्ये प्लेटवर बुडबुडे धरतात, ते पिसाने हलकेच सारत राहावं लागतं. इथे बुडबुड्यांबरोबर तांब्याचा लालसर गाळ बसतो, तोही पिसानेच सारायचा. निळं पाणी वापरून वापरून फिकट होतं, म्हणजे ताकद संपली हे डोळ्यांना दिसतं. रेघ जरा खरबरीत येते. मला ती आवडली. काकांना नाही. "नायट्रिकची रेघ ती नायट्रिकची," म्हणाले, पण खोकणारी दोन पोरं आता निळ्या पाण्याकडेच जातात, आणि काका तिकडे बघून न बघितल्यासारखं करतात.

घरच्यांना यातलं किती समजतं, हा वेगळाच अध्याय. आत्याला मी एकदा माझी एक प्रत दिली. खाली पेन्सिलने 3/15 लिहिलेलं. तिने चष्मा लावून बघितलं. "पंधरातले तीनच मार्क मिळाले का गं?" मी समजावलं, की एकाच प्लेटवरून पंधरा काढल्या, त्यातली ही तिसरी. "म्हणजे झेरॉक्स!" आत्या खूश, कोडं सुटलं. मी पुन्हा सगळं सांगितलं, की प्रत्येक प्रत हाताने शाई लावून, हाताने पुसून निघते, आणि एडिशन झाली की प्लेटवर आडवी रेघ मारून ती बाद करतात. "बाद करता? चांगली असताना?" या प्रश्नावर मी आजवर आत्याला पटेल असं उत्तर देऊ शकलेले नाही. खरं सांगायचं तर प्लेटवर ती रेघ ओढताना मलाही आत्याचंच म्हणणं पटतं.

आत्याचं ठीक आहे. पण एका गॅलरीत तैलचित्राचा संगणकावरून काढलेला रंगीत प्रिंटआउट 'लिमिटेड एडिशन प्रिंट' म्हणून, नंबर घालून, माझ्या एचिंगशेजारी टांगलेला मी पाहिला, आणि किंमत माझ्याहून जास्त. डोकं फिरलं. विकावं हवं ते, पण नंबर घालू नये. नंबर हा छापणाऱ्याने दिलेला शब्द आहे, की इतक्याच आहेत आणि सगळ्या माझ्या हाताखालून गेल्यात. बटण दाबून तो शब्द देता येत नाही. संगणकाशी माझं वाकडं नाही. त्यावर मुळातूनच घडवलेलं उत्तम काम करणारी पोरं आमच्यातच आहेत, आणि हा प्रकार पाहून माझ्याहून जास्त तीच चिडतात.

आमच्यात बातमी धाडायची सगळ्यात चांगली रीत म्हणजे अदलाबदल. बारा जणांनी ठरवायचं, माप ठरवायचं, प्रत्येकाने आपल्या चित्राच्या तेरा प्रती काढायच्या. बारा वाटायच्या, तेरावी प्रदर्शनासाठी. सगळ्या एका ठिकाणी जमल्या की एकेका पेटीत प्रत्येकाची एकेक रचून पेट्या परत गावोगाव. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. पेटी उघडली की बारा माणसांचं वर्ष कसं गेलं ते समोर येतं. ग्वाल्हेरवाल्याने इतकी वर्षं फक्त काळं छापलं, या वेळी लाल आहे. फोन करायला हवा. पुणेकरणीचा कागद मोठा आहे, म्हणजे टेबल मोठं घेतलं की मुलगी हॉस्टेलला गेली? सुरतच्या बाईंच्या प्रतीत डाव्या कडेला दाब कमी पडलाय, त्यांच्या प्रेसचा रूळ तपासायला हवा. चित्राचं कौतुक नंतर, आणि तेही दोन शब्दांत.

यंदाच्या पेटीचं माप अजून ठरायचंय. लिथोवाल्यांना मोठं हवंय, कारण त्यांचे दगड मोठे. मोरचूदवाल्यांना लहान, कारण निळ्या पाण्याची परात लहान. पुण्याहून निरोप आलाय की आठच्या आत संपेल असं काहीही चालेल. काकांचं म्हणणं, कागद ज्या मापाचा येतो त्याचे चार सरळ तुकडे करा, कातरण वाया जाता कामा नये, आणि चित्राने कागदात बसायला शिकावं. यावर लिथोवाले गेल्या रविवारी जे तोंड फुगवून गेलेत ते अजून फिरकलेले नाहीत. त्यांचा मोठा रोलर मात्र आमच्याकडेच आहे, त्यामुळे ते येतील.